विवाहवस्त्रांचे रंग

आपल्या ज्ञातीत हल्ली कोणाच्याही घरी कार्य निघाले की मुहूर्ताच्याही आधी रंगसंगती ठरते. मंडपाचे पडदे, वऱ्हाड्यांचे फेटे, करवल्यांची पातळे, सर्व एका छटेत! यात वावगे काही आहे असे आम्हांस वाटत नाही. आपल्या पूर्वजांनीही रंग निवडलेच होते. मात्र त्यांची निवड रंगाऱ्याच्या पिंपात काय उतरे त्यावर बरीचशी अवलंबून असे.

गौरीहरापुढे वधू बसते ती मामाने दिलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीत. हळदीचा रंग घरोघरी करता येई. त्यास तुरटीचीही गरज नसे. परंतु तो उन्हात विटतो आणि क्षार लागताच तांबडा पडतो. एका दिवसाच्या मंगलवस्त्रास तेवढे पुरेसे होते. हिरव्याची गोष्ट अधिक अवघड. कापडावर टिकेल असा हिरवा रंग वनस्पतीपासून सहसा सरळ मिळत नाही. म्हणून कापड आधी निळीत बुडवून मग हळदीत काढीत. काही वर्षांनी हळद उडे, आणि सौभाग्याचे हिरवे पातळ पेटीतच निळे होऊ लागे! तांबडा मात्र खरा टिकाऊ. आलीच्या मुळ्या आणि तुरटी यांपासून तो निघे. कुसुंब्याचा लाल दिसण्यास त्याहून तेजस्वी, पण ऊन त्याला सोसत नसे.

इ. स. १८५६ मध्ये लंडन येथे अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन तयार करू गेला आणि डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. पुढे १८६८ मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले. आलीची शेती त्यापुढे टिकली नाही.

त्याच १८५६ साली या देशात विधवाविवाहाचा कायदा झाला. कापडाचे रंग झपाट्याने बदलले. माणसांवर घातलेले रंग तसेच राहिले. वधूच्या कपाळी जो तांबडा मंगल, तोच केशवपन झालेल्या स्त्रीच्या अंगावर आलवण होऊन अमंगल ठरे. अण्णासाहेब कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा त्यांना स्वजनांचा बहिष्कार सोसावा लागला. आमच्या लहानपणी घरात अशाच एक आलवणातील आत्या होत्या. कार्याच्या आदल्या रात्री सर्व पातळांच्या घड्या त्यांनीच घातल्या. आणि सकाळी मंगलाष्टके सुरू झाली तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. त्यांना कोणी तेथे उभे केले नव्हते. आपली जागा त्यांना ठाऊक होती, हेच आम्हांस आजही अधिक बोचते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका लहान गावाने हे केले, आणि आमच्या सुशिक्षित घरांतील पत्रिकांवर मात्र ‘सुवासिनींनी हिरवी पातळे नेसावीत’ अशी सूचना अद्याप छापली जाते. सूचना लिहिणाऱ्याच्या मनात कोणाला वगळायचे नसतेही. पण वाचणारीला आपली जागा तत्काळ कळते.

गेल्या हिवाळ्यात एका कार्यात मात्र आम्ही वधूच्या आजींना पहिल्या रांगेत पाहिले. पतिनिधनास बारा वर्षे झालेली; अंगावर मोरपंखी शालू, हातात अक्षता. रंग कोणी निवडला, असे आम्ही विचारले. नातीने, असे म्हणून त्यांनी पदर सावरला.