मेचनिकॉफ यांचे दही

आतड्यात कुजणारे अन्न रक्तात विष सोडते आणि त्या विषाने माणूस हळूहळू खचतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात चांगलीच प्रतिष्ठित होती. पॅरिसच्या शार्ल बूशार यांची या विषयावरची व्याख्याने १८८७ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि 'ऑटोइंटॉक्सिकेशन', म्हणजे स्वतःच्याच शरीरात तयार झालेल्या विषाची बाधा, हे निदान दवाखान्यादवाखान्यांत पोहोचले. पुढची तीसेक वर्षे डोकेदुखीपासून वेडापर्यंत आणि सांधेदुखीपासून कर्करोगापर्यंत जुनाट दुखण्यांचे खापर बद्धकोष्ठावर फुटत राहिले. मग १९२०च्या दशकात वैद्यकाने हा सिद्धान्त गुंडाळून ठेवला. गेल्या वीसेक वर्षांत मात्र आतड्यातले जिवाणू आणि मधुमेह, स्थूलपणा, हृदयविकार यांच्यातला संबंध पुन्हा प्रयोगशाळांत तपासला जाऊ लागला आहे. त्यावरून 'ते जुने लोक बरोबर होते, मधल्या पिढीने त्यांना उगाच मोडीत काढले' असे हल्ली सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. त्यांचे काही अंदाज खरे निघाले, हे कबूल. पण अंदाज बांधल्यावर तो तपासायचा असतो, हे काम त्यांनी टाळले आणि थेट उपचाराला हात घातला. त्यांना मोडीत काढणाऱ्यांनी नेमके तेच राहिलेले काम केले.

या सिद्धान्ताचे सर्वांत मोठे नाव इल्या मेचनिकॉफ यांचे. हा माणूस भोंदू नव्हता. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून त्याभोवती जमणाऱ्या भटक्या पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशींचा हा शोध, आणि त्यासाठी १९०८ चे नोबेल. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना म्हातारपणाच्या प्रश्नाने पछाडले. त्यांचा युक्तिवाद असा : मोठे आतडे हा उत्क्रांतीत मागे उरलेला, माणसाला फारसा उपयोग नसलेला अवयव आहे, तिथे साचलेल्या मळात जिवाणू इंडोल, फिनॉल, पॅराक्रेसॉल अशी द्रव्ये तयार करतात, ती वर्षानुवर्षे रक्तात झिरपून धमन्या कठीण करतात. आता विरजलेले दूध नासत नाही, कारण आंबट झालेल्या दुधात कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. मग तेच आंबट दूध आतड्यात का चालू नये? बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि दीर्घायुषी असतात, असेही त्यांना कळले होते. तिथल्या दह्यातला जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हात वेगळा करून दाखवला, तेव्हा साखळी पूर्ण झाल्यासारखी वाटली.

साखळीतली प्रत्येक कडी सुटी घेतली तर त्या काळच्या ज्ञानाला धरून होती. इंडोल आणि क्रेसॉल आतड्यात तयार होतात, हे खरेच. आंबट दुधात कुजण्याची क्रिया थांबते, हेही खरे. पण काचेच्या भांड्यात जे घडते ते बारा-पंधरा हातांच्या नळीत घडते का, आणि घडले तर माणसाचे दुखणे कमी होते का, हे कुणी पाहिले नव्हते. शतायुषींची गणती तर जन्माच्या नोंदी जिथे विरळ असतात तिथेच फुगते. मेचनिकॉफ स्वतः नेमाने आंबट दूध पीत आणि १९१६ मध्ये एकाहत्तराव्या वर्षी वारले. टीकाकारांना यात सिद्धान्ताचा पराभव दिसला आणि चाहत्यांना विजय, कारण त्यांचे थोरले भाऊ इव्हान पन्नाशीही न गाठता गेले होते. एका माणसाच्या आयुर्मानावरून दोन्ही पक्षांना काहीच सिद्ध करता येत नाही.

यावर आक्षेप येईल की, तुलना करून पाहण्याची पद्धतच तेव्हा रुळलेली नव्हती. आजच्या फूटपट्टीने त्यांना का मोजायचे? याचे उत्तर मुंबईत सापडते. ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली शिकलेले आणि त्यांच्यामागून पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आलेले वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या मुंबईत उतरले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली आणि न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. एकच छप्पर, एकच अन्न, एकच साथ. दोन्हीकडचे आजारी आणि मृत मोजले. लस न घेतलेल्यांत ते जास्त निघाले. आजच्या निकषांवर या चाचणीत उणिवा दाखवता येतील, कैद्याची 'तयारी' कितपत स्वेच्छेची होती हा प्रश्न तर राहतोच. तरी तुलनेची कल्पना गुरूच्या पिढीला अगम्य नव्हती, एवढे यातून दिसते. प्लेगचा निकाल दोन आठवड्यांत लागतो आणि म्हातारपणाचा लागायला जन्म जातो, ही मेचनिकॉफ यांची अडचण खरी होती. मात्र अडचण असेल तर दावा मवाळ करायचा असतो.

दही खाऊन कुणाचे वाईट झाले नाही. हाच विचार सर्जनच्या हाती गेला तेव्हा झाले. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले सर आर्बथनॉट लेन हे मोडलेली हाडे सांधण्यात नावाजलेले, हाताचे अत्यंत कुशल. मोठे आतडे जर निरुपयोगी आणि विषारी असेल तर ते ठेवायचे कशाला, असा सरळ हिशेब करून त्यांनी आधी आतड्याला वळणमार्ग काढून द्यायला आणि पुढे अख्खे मोठे आतडेच कापायला सुरुवात केली. तेही बहुधा थकवा, पोटदुखी, फिकेपणा अशा तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रियांचे. बर्नार्ड शॉ यांच्या १९०६च्या 'द डॉक्टर्स डिलेमा' नाटकात दिसेल त्याचा एक काल्पनिक अवयव कापायला निघालेला सर्जन आहे. प्रेक्षकांना ती अतिशयोक्ती वाटली नसावी. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या प्रश्नावर मोठी चर्चा झडली, पण विष कोणते, ते कुणाच्या रक्तात किती सापडले, याचे उत्तर मिळाले नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ट्रेंटन येथील मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेडाचे मूळ दडलेल्या जंतुसंसर्गात आहे असे ठरवून रुग्णांचे दात उपटले, आतडी कापली. आतडे कापलेल्या रुग्णांपैकी तिघांतला जवळपास एक दगावला.

सिद्धान्त मोडला तो साध्या निरीक्षणाने. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ मध्ये विचारले : बद्धकोष्ठाने जड झालेले डोके शौचाला झाल्यावर काही मिनिटांत हलके होते. रक्तात भिनलेले विष इतक्या झटपट उतरेल का? दारूची नशा बाटली फेकल्याने उतरत नाही. १९२२ मध्ये आर्थर डोनाल्डसन यांनी याची परीक्षा घेतली. निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस ठासून भरला. कापसात ना मळ, ना विष. तरीही डोकेदुखी, सुस्ती, बेचैनी अशी 'विषबाधेची' ओळखीची लक्षणे दिसू लागली आणि कापूस काढताच गेली. म्हणजे ताणलेल्या आतड्याच्या मज्जातंतूंचा तो खेळ होता. त्याच सुमारास येलच्या लिओ रेटगर यांनी दाखवले की बल्गेरियन दह्यातला जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही.

मग आजचे काय? पॅराक्रेसॉल आणि इंडोल यांच्यापासून बनणारी द्रव्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात साचतात, आणि ती रक्तवाहिन्यांना अपायकारक असावीत असा भक्कम संशय आहे. मेचनिकॉफ यांना हे ऐकून आनंद झाला असता. पण त्यांच्या मांडणीचा गाभा मात्र उलटा झाला आहे. आपल्याला न पचणाऱ्या कोंड्यापासून, तंतूंपासून मोठ्या आतड्यातले जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात, आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांवरच पोसतात. लेन यांनी जे अडगळ समजून फेकले ते कामाचे घर होते.

'आमच्याकडे हे आधीपासून ठाऊक होते' हा दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या ओठांवर असेलच. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या विकारांत ताकाला मोठे स्थान आहे. अग्निमांद्य आणि आम या कल्पनांनी अनेक रोगांचे मूळ पचनात शोधले. ही जुनी, बारकाईची निरीक्षणे आहेत आणि जेवणाच्या पानावर ताकाचे स्थान त्यांनी पक्के केले, यात वाद नाही. पण बूशार यांचे विष आणि चरकाचा आम यांत वरवरचे साम्य आहे म्हणून एकाच्या पुराव्यावर दुसऱ्याला उभे करता येत नाही, आणि ताकाने मधुमेह बरा होतो हे तर दोघांपैकी कुणावरूनही निघत नाही. रविवारी सकाळी पोरांना एरंडेल पाजणारी घरे आता कमी झाली. त्यांची जागा 'डिटॉक्स'च्या पुड्यांनी घेतली आहे, आणि कोणते विष बाहेर काढणार हे त्या पुडीवरही लिहिलेले नसते.

या क्षेत्रात काय ठामपणे म्हणता येते हे ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांच्या कामातून चांगले कळते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर त्यांनी निरोगी दात्याच्या मळातले जिवाणू रुग्णांच्या आतड्यात सोडून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका मात्रेनंतर १६ पैकी १३ जण बरे झाले. नेहमीच्या प्रतिजैविकावरच्या रुग्णांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली राहिले, म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. तोच उपचार तिथे स्थूल आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांवरही झाला, दाते होते सडपातळ. सहा आठवड्यांनी इन्सुलिनचा परिणाम सुधारलेला दिसला. पुढच्या, अधिक मोठ्या चाचणीत १८ आठवड्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा ती सुधारणा उरलेली नव्हती.