बोरघाटात आलेल्या स्कॉटिशांनी मायदेश का सोडला?

खंडाळ्याच्या घाटातील ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२०मध्ये पाडण्यात आला. वाहतुकीला तो अडथळा ठरत होता. मात्र त्याच्याबरोबर मावळातील एका स्थलांतराची ठळक खूणही पुसली गेली. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. हा पूल त्याच काळातला. त्या वेळी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम, मूळचा स्कॉटलंडच्या डम्फ्रीशायर परगण्यातला.

माल्कमसारखी माणसे हजारो मैल दूर का आली, याचे उत्तर 'राज्य करायला' असे सहज दिले जाते. कागदपत्रे मात्र वेगळेच सांगतात.

कर्ज आणि वशिला

माल्कमचा जन्म १७६९चा. वडील शेतकरी, घरात सतरा भावंडे. वडील आर्थिक व्यवहारांत बुडाले आणि मुले कमावती करणे भाग पडले. त्यामुळे अवघ्या तेराव्या वर्षी जॉनला ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात नोकरी मिळवून देण्यात आली. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स १८२७मध्ये कंपनीच्या मुंबईतील आरमाराचा प्रमुख झाला. एकाने पाय रोवले की नात्यागोत्यातल्या इतरांना वाट सापडे.

मुंबईचा आधीचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन उमरावाघरचा होता. पण चौथा मुलगा. उमराव घराण्याची जमीन आणि किताब थोरल्याकडे जाई, धाकट्यांनी आपले नशीब बाहेर शोधायचे. एल्फिन्स्टनचा चुलता कंपनीच्या संचालक मंडळावर होता, त्यामुळे सोळाव्या वर्षी तो कलकत्त्यास पोहोचला. 'हिस्ट्री ऑफ द मराठाज' लिहिणारा जेम्स ग्रँट डफ बॅन्फ गावचा. मुलकी नोकरीची वाट पाहून कंटाळल्यावर त्याने लष्करातील उमेदवारी पत्करली. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख आणि पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर. स्कॉटलंडची विद्यापीठे जितके डॉक्टर घडवत, तितक्यांना पोसण्याची ताकद त्या लहान देशात नव्हती.

या साऱ्यांमागे राजकारणही होते. १७०७मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांची संसद एक झाली आणि साम्राज्यातील नोकऱ्या स्कॉटिशांना खुल्या झाल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या नियंत्रण मंडळावर हेन्री डंडास या स्कॉटिश राजकारण्याचे वर्चस्व होते. आपल्या मुलखातील तरुणांची वर्णी लावण्यात त्याने कसूर केली नाही. जमिनीवरून हुसकावलेले डोंगराळ भागातील गरीब स्कॉटिश मात्र प्रामुख्याने कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेले. ते तेथे वसण्यासाठी गेले. हिंदुस्थानात आलेला मध्यमवर्गीय बहुधा कमवून परतण्यासाठी आला.

शोध कोठे घ्यावा?

पूर्वज का आला, हे शोधताना प्रथम तो कोणाच्या नोकरीत होता हे ठरवावे लागते. मुलकी सेवेसाठी १८५५मध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. त्याआधी नेमणूक शिफारशीने होत असे. उमेदवाराच्या अर्जाला वयाच्या पुराव्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे आणि शिफारस करणाऱ्याचे नावही त्यात सापडते. हे अर्ज, लष्करी उमेदवारांची कागदपत्रे, मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफनांच्या नोंदी आणि मृत्युपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. मूळ गावच्या चर्चच्या नोंदवह्या व मृत्युपत्रे 'स्कॉटलंड्सपीपल' या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतात. वडिलांच्या मृत्युपत्रात कर्ज आढळले, की मुलाच्या प्रवासाचे कारण बहुधा उलगडते. दख्खनच्या ब्रिटिश अमलाचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, तर इलाख्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात मिळतात.

एक सावधगिरी आवश्यक आहे. घाटातला प्रत्येक साहेब स्कॉटिश नव्हता. १८६३मध्ये सुरू झालेल्या बोरघाट रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले हा लंडनचा होता. आडनावावरून मूळ ठरवू नये. जन्माची नोंद पाहावी.

ज्यांचे अर्जच नाहीत

याच रेल्वेच्या कामावर जानेवारी १८६१मध्ये सुमारे ४२ हजार मजूर राबत होते. कॉलऱ्याने त्यांतले कित्येक दगावले. त्यांनाही घर सोडायला लावणारे कारण पोटाचेच होते. मात्र कोणत्या गावातून कोण आला, मागे कोणते कर्ज होते, हे सांगणारा अर्ज त्यांच्यापैकी कोणी लिहिला नाही आणि त्यांची नावे क्वचितच कोणी टिपली. स्कॉटलंडहून आलेल्या वंशजाला आपल्या पूर्वजाच्या नेमणुकीचा कागद लंडनमध्ये सापडू शकतो. घाटात खपलेल्या मजुराच्या वंशजाला गावचे महसुली दप्तर, घरातले जुने कागद आणि वडीलधाऱ्यांची आठवण यांवरच विसंबावे लागते. त्यातली आठवण सर्वांत आधी नाहीशी होणारी आहे. ती लिहून ठेवण्याचे काम आजच्या पिढीलाच करावे लागेल.