नोकरी बदलताना आधी फाईल, मग बायोडेटा

मुलाखतीच्या तीन फेऱ्या पार पडतात, पगाराची बोलणी होतात आणि एके दिवशी ऑफर लेटर ई-मेलने हाती येते. उमेदवार त्याच दिवशी सध्याच्या नोकरीचा राजीनामा देतो. खरी परीक्षा सुरू होते ती त्यानंतर. नवी कंपनी उमेदवाराची माहिती पडताळणी करणाऱ्या संस्थेकडे सोपवते. ही संस्था पदवीची गुणपत्रिका, आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा, भविष्य निर्वाह निधीची नोंद आणि नावाचे स्पेलिंग असे सारे एकेक करून ताडून पाहते. यात कुठे विसंगती आढळली, तर रुजू होण्याची तारीख पुढे जाते. काही वेळा ऑफरच मागे घेतली जाते आणि तोवर जुन्या जागी दुसरा माणूस आलेला असतो. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी ही अवस्था होते.

अशा अडचणीत सापडलेल्या अनेकांच्या गुणवत्तेबद्दल शंका घेण्याचे कारण नसते. कागद वेळेवर जमवलेले नसतात, एवढाच त्यांचा दोष असतो. नोकरी शोधण्याची तयारी म्हटली की बायोडेटा, मुलाखतीचे प्रश्न आणि इंग्रजी संभाषण एवढेच डोळ्यांसमोर येते. या तयारीचा मोठा भाग मात्र सध्याच्या नोकरीत असतानाच, कोणतीही घाई नसताना उरकण्याजोगा असतो.

एक नाव, चार रूपे

महाराष्ट्रातील उमेदवारांना सर्वाधिक छळणारी बाब म्हणजे स्वतःचे नाव. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव असते. पॅनकार्डावर आडनाव शेवटी जाते. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा असतो, तर आधारवर वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. मराठी माणसाला ही सारी एकाच व्यक्तीची नावे आहेत हे कळते. संगणकाला ते कळेलच असे नाही. त्यातच ‘दीक्षित’, ‘वैद्य’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ यांसारख्या नावांची रोमन स्पेलिंगे प्रत्येक कार्यालयाने आपापल्या परीने केलेली असतात.

विवाहित स्त्रियांची अडचण याहून मोठी असते. समजा, एखाद्या अभियंता तरुणीची पदवी माहेरच्या नावाने आहे, पॅनकार्ड सासरच्या नावाने आहे आणि पहिल्या कंपनीचे अनुभव प्रमाणपत्र पुन्हा माहेरच्या नावाने आहे. या तिन्ही कागदांना जोडणारा दुवा लागतो. तो म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र. लग्नात पहिले नावही बदलले असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घेणे इष्ट. ही प्रसिद्धी शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयामार्फत होते. तिला वेळ लागतो, म्हणून ऑफर आल्यावर अर्ज करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. नाव न बदलणे हाही एक मार्ग आहे आणि कायद्याने नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही विवाहितेवर नाही, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

पदवी व गुणपत्रिकांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरचा उपयोग करता येतो. थेट त्या यंत्रणेतून मिळालेले प्रमाणपत्र मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जाते. मात्र जुन्या वर्षांच्या सर्वच पदव्या तेथे सापडतील असे नाही. त्यामुळे मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून अद्याप नेलेच नसेल, तर ते आधी आणावे. दीक्षान्त समारंभाला न गेलेल्या अनेकांचे पदवी प्रमाणपत्र वर्षानुवर्षे तेथेच पडून असते.

भविष्य निर्वाह निधी बोलतो

२०१४ साली कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने प्रत्येक सभासदाला यूएएन हा बारा अंकी क्रमांक देण्यास सुरुवात केली. नोकरी बदलली तरी हा क्रमांक बदलत नाही. त्याखाली कोणत्या आस्थापनेत कधी रुजू झालो आणि कधी बाहेर पडलो, याची नोंद साठत जाते. पडताळणी करणाऱ्यांच्या दृष्टीने हीच नोंद सर्वांत विश्वासार्ह ठरते, कारण ती उमेदवाराने लिहिलेली नसते. बायोडेटात जून महिन्यापर्यंत काम केल्याचे नमूद आहे आणि निधीची वर्गणी मार्चमध्येच थांबली आहे, असे दिसले की प्रश्न विचारला जाणारच. दोन आस्थापनांच्या तारखा एकमेकींवर चढल्या असतील, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्याचा संशय येतो. प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकल्याचे विप्रोच्या अध्यक्षांनी २०२२ मध्ये जाहीर केले. या प्रकाराकडे उद्योगजगत तेव्हापासून अधिक बारकाईने पाहू लागले आहे.

अनेकदा दोष उमेदवाराचा नसतोच. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते किंवा नव्या मालकाने जुना क्रमांक न विचारता दुसरा काढलेला असतो. बाहेर पडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतःच संकेतस्थळावर नोंदवता येते. जानेवारी २०२५ पासून नियम आणखी सुलभ झाले. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला व आधारशी पडताळलेला क्रमांक असल्यास नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख यांसारखे तपशील मालकाच्या सहीविना दुरुस्त करता येतात. त्याआधीच्या क्रमांकांसाठी मात्र मालकाचा दाखला लागतो. ती कंपनी बंद पडली असेल, तर हेलपाटे ठरलेले. म्हणूनच ही तपासणी आजच करावी.

नोकरी बदलताना निधीची रक्कम काढून घेण्याचा मोहही टाळलेला बरा. सलग पाच वर्षे सेवा होण्याआधी रक्कम काढल्यास तिच्यावर प्राप्तिकर लागू शकतो. निवृत्तिवेतनासाठी तर दहा वर्षांची सेवा आवश्यक असते. खाते नव्या ठिकाणी वर्ग केले की जुनी सेवा मोजली जाते.

आता बायोडेटा

आपल्याकडे नोकरीचा बायोडेटा आणि लग्नाचा बायोडेटा यांच्यात फार अंतर राहिलेले नसते. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद आणि तळाशी ‘वरील माहिती सत्य आहे’ असे प्रतिज्ञापत्र! यांपैकी बहुतेक मजकूर वगळला तरी चालतो. मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम संगणकप्रणाली वाचते. चौकटी, स्तंभ आणि चित्रे असलेली सजावट तिला नीट उलगडता येत नाही, म्हणून साधी मांडणी उत्तम.

महत्त्वाचे असते ते कामाचे मोजमाप. ‘विक्री विभाग सांभाळला’ या वाक्यातून काहीच कळत नाही. किती विक्रेते हाताखाली होते, थकबाकी किती महिन्यांची होती आणि ती किती खाली आली, हे लिहिल्यास माणूस दिसतो. असे आकडे ऐनवेळी आठवत नाहीत. त्यासाठी दर महिन्याअखेरीस वहीत चार ओळी टिपून ठेवण्याची सवय लावावी. (कंपनीचे गोपनीय तपशील मात्र घरी नेऊ नयेत.) हीच वही वार्षिक मूल्यमापनाच्या वेळीही कामी येते. नोकरी बदलायची नसली, तरी बढतीचा दावा याच टिपणांवर उभा राहतो. बँकांमध्ये ‘जेएआयआयबी’ व ‘सीएआयआयबी’ या परीक्षांचे महत्त्व कर्मचारी जाणतात, कारण त्यांचा लाभ वेतनवाढीच्या रूपाने मिळतो. खासगी क्षेत्रात असा सरळ हिशेब क्वचितच असतो. तेथे प्रमाणपत्रांची रास लावण्यापेक्षा आपल्या कामाला लागणारे एखादेच निवडलेले बरे.

मध्ये रिकामी गेलेली वर्षे लपवू नयेत. राज्यसेवा किंवा अन्य स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात दोन-तीन वर्षे घालवलेले हजारो तरुण महाराष्ट्रात आहेत. ‘या काळात परीक्षेची तयारी केली’ असे सरळ लिहिल्यास प्रश्न तेथेच संपतो. तो काळ भरून काढण्यासाठी ओळखीच्या कोणाकडून आणलेले अनुभव प्रमाणपत्र मात्र पुढे गळ्याशी येते. निधीची नोंद नाही, बँकेत पगार जमा नाही, असे प्रमाणपत्र पडताळणीत टिकत नाही. खोटेपणा एकदा उघड झाला की नोकरीतील पुढील पाच वर्षांनंतरही तो बडतर्फीचे कारण ठरू शकतो.

राजीनाम्यापूर्वीचा हिशेब

आपले नियुक्तिपत्र राजीनामा देण्याआधी पुन्हा एकदा वाचावे. नोटीस एक महिन्याची आहे की तीन महिन्यांची? ती भरून देण्याची मुभा आहे का? बंधपत्र लिहून दिले आहे का? बंधपत्रांना न्यायालयात काही किंमत नसते, हा समज चुकीचा आहे. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या विजया बँकेच्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. नोकरी सुटल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे काम करूच नये, अशी सरसकट अट मात्र १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ पुढे टिकत नाही.

ग्रॅच्युइटीचाही विचार करावा. नियमित कर्मचाऱ्याला ती पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ३० हजार रुपये धरल्यास पाच वर्षांची रक्कम सुमारे ८६ हजार ५०० रुपये होते. पाच वर्षे भरायला दोन महिने उरले असतील, तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलण्याची विनंती करणे शहाणपणाचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना एक वर्षानंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे.

नव्या ठिकाणचा ‘सीटीसी’चा आकडाही उलगडून पाहावा. त्यात मालकाची निधीची वर्गणी आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बहुधा धरलेली असते. त्यामुळे वर्षाला बारा लाख म्हणजे महिन्याला एक लाख हाती, असे गणित मांडून घराचा हप्ता ठरवू नये.

राजीनामा ई-मेलने द्यावा आणि तो स्वीकारल्याचे उत्तर जपून ठेवावे. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, असे नव्या वेतन संहितेत म्हटले आहे. कार्यमुक्तीचे पत्र मात्र मागून घ्यावे लागते. शेवटच्या दिवशी कंपनीचा ई-मेल बंद होतो आणि त्यासोबत पगारपत्रके, वेतनवाढीची पत्रे आणि आतापर्यंतचे फॉर्म १६ असलेले खातेही हातचे जाते. म्हणून ती सर्व आधीच उतरवून घ्यावीत. निधी आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळांवर कार्यालयाचा ई-मेल किंवा मोबाईल क्रमांक दिलेला असेल, तर त्याच आठवड्यात बदलून स्वतःचा नोंदवावा.