सदाफुली : एका परक्या झाडाचा इतिहास

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी ज्यांच्या परसात, कुंडीत अथवा निदान कुंपणाच्या कडेला सदाफुली नाही असे घर विरळाच असेल. हे झाड मुद्दाम लावावे लागत नाही. एकदा बी पडले की भिंतीच्या फटीतून, फरशीच्या सांध्यातून, पाटाच्या काठावरून ते आपोआप वर येते. त्याच्या कडवटपणामुळे शेळ्याही सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. देवपूजेस चार फुले कमी पडली तर घरातील वडीलधारी बाई निःशंकपणे सदाफुलीकडे वळते. इतक्या घरोब्याच्या झाडास परके म्हटलेले पुष्कळांस रुचणार नाही. परंतु वस्तुस्थिती तशी आहे. सदाफुलीचे माहेर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट होय.

येथे प्रथमच एका गैरसमजाचे निरसन केलेले बरे. आपल्या जुन्या वैद्यक ग्रंथांत ‘सदापुष्प’ हा शब्द आढळतो. त्यावरून सदाफुली प्राचीन काळापासून आपल्या वैद्यांस ठाऊक होती, असे काही उत्साही मंडळी सांगतात. परंतु भावप्रकाशात सदापुष्प हे नाव पांढऱ्या रुईच्या पर्यायांत येते. सदाफुलीशी त्याचा काही संबंध नाही. रुई हे उग्र, चिकाचे झाड. तिच्या नावाखाली दिलेले गुण सदाफुलीस चिकटविणे म्हणजे एकाच्या पत्रिकेवरून दुसऱ्याचे लग्न लावण्यासारखे होय. चरक-सुश्रुतांच्या काळी हे झाड या देशात नव्हतेच. नित्यकल्याणी हे तमिळ लोकांनी दिलेले नाव, नयनतारा हे बंगाल्यांचे, सदाबहार हे हिंदीभाषिकांचे आणि बारमासी हे गुजराथ्यांचे. ही सारी नावे गोड आहेत, पण ती झाडाच्या फुलण्यावरून वा रूपावरून पडलेली आहेत, औषधी गुणावरून नव्हेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

युरोपात हे झाड अठराव्या शतकाच्या मध्यास पोहोचले. मादागास्करचे बी पॅरिसच्या राजोद्यानात आणि तेथून लंडनजवळच्या चेल्सी येथील औषधी-उद्यानात गेले. त्या उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर याने त्याची रोपे वाढविली. १७५९ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्यास ‘व्हिंका रोझिया’ असे नाव दिले. पुढे १८३०-४० च्या दशकात जॉर्ज डॉन याने त्यास व्हिंका कुलातून वेगळे काढून ‘कॅथरँथस’ या कुलात घातले. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निर्मळ फूल’ असा होतो. औषधांच्या नावांत मात्र जुना ‘व्हिंका’ टिकून राहिला, त्याचे कारण पुढे येईलच.

उद्यानांतून आणि जहाजांतून हे झाड उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व देशांत पसरले आणि ज्या ज्या देशी गेले तेथील लोकांनी त्यास औषधाला लावले. जमैकात पानांचा काढा मधुमेहावर घेत. फिलिपाईन्समध्ये तोच उपयोग. दुसऱ्या महायुद्धात इन्सुलिन मिळेनासे झाले तेव्हा तेथे सदाफुलीच्या पानांचा आश्रय घेतल्याचे नमूद आहे. ब्राझीलमध्ये रक्तस्रावावर आणि दातदुखीवर गुळण्या करण्यास, तर हिंदुस्थानात गांधीलमाशी चावल्यावर पानांचा रस लावण्यास तिचा उपयोग होई. केरळात मात्र हे झाड स्मशानात लावण्याची रीत असून त्याचे तेथील एक नावही शवावरूनच पडलेले आहे. आम्ही शाळेच्या बागेत मुलांकडून सदाफुली लावून घेत असू तेव्हा ही गोष्ट मुद्दाम सांगत असू. मुलांना वनस्पतिशास्त्रापेक्षा ती अधिक स्मरणात राही.

आता मुख्य कथेकडे वळू. कॅनडात क्लार्क नोबल नावाचे एक डॉक्टर होते. इन्सुलिनच्या शोधाच्या वेळी, १९२२ च्या सुमारास, बँटिंग आणि बेस्ट यांच्याबरोबर त्यांनी काम केले होते. १९५२ साली त्यांस जमैकाहून एक लिफाफा आला. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती आणि तेथील लोक मधुमेहावर यांचा काढा घेतात, असे कळविलेले होते. क्लार्क तेव्हा निवृत्त जीवनाकडे वळले होते. त्यांनी तो लिफाफा आपले धाकटे बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठविला. रॉबर्ट हे ओंटारिओ प्रांतातील वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

रॉबर्ट यांनी काढा करून उंदरांस पाजला. रक्तातील साखरेवर काहीही परिणाम दिसला नाही. सामान्य मनुष्य येथेच थांबला असता. त्यांनी अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदीर काही दिवसांतच जंतुदोषाने मरू लागले. मेले तर मेले, असे न म्हणता ते का मेले याचा शोध त्यांनी घेतला. उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी अतोनात घटल्या होत्या आणि अस्थिमज्जा क्षीण झाली होती. रॉबर्ट यांच्या मनात आले की, ज्या रक्तकर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हाच पदार्थ उतारा ठरू शकेल. १९५४ मध्ये चार्ल्स बीअर हे इंग्लंडचे रसायनज्ञ त्यांस येऊन मिळाले. बीअर यांनी शेकडो घटकांच्या गोंधळातून नेमका कार्यकारी क्षार शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तोच आज व्हिनब्लास्टिन म्हणून ओळखला जातो. १९५८ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी आपला निबंध सादर केला. योगायोगाने घडलेल्या निरीक्षणांचे महत्त्व हाच त्या निबंधाच्या शीर्षकातील विषय होता. आम्हांस या प्रामाणिकपणाचे मोठे कौतुक वाटते.

त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली या औषध कंपनीचे शास्त्रज्ञही मधुमेहाच्या लोकोपचाराचा माग काढीत याच झाडापाशी आले होते. त्यांपैकी गॉर्डन स्वोबोडा यांनी दुसरा क्षार, व्हिनक्रिस्टिन, वेगळा केला. १९६१ मध्ये व्हिनब्लास्टिन आणि १९६३ मध्ये व्हिनक्रिस्टिन अमेरिकेत वापरात आले. दोन्ही रेणूंत भेद अगदी थोडा. एकाच ठिकाणी असलेला एक लहानसा गट वेगळा. पण तेवढ्याने त्यांचे गुण आणि दोष दोन्ही बदलतात. पहिल्याने मुख्यत्वे अस्थिमज्जेवर आघात होतो, तर दुसऱ्याने मज्जातंतूंवर. हातापायांस बधिरता येते, बद्धकोष्ठ होतो. पेशीचे विभाजन होताना तिच्या आत जे सूक्ष्म धागे तयार होतात त्यांची जुळणीच ही औषधे होऊ देत नाहीत, म्हणून पेशी दुभंगू शकत नाही आणि मरते.

१९५० पूर्वी लहान मुलास रक्तकर्करोग झाला म्हणजे आईबापांनी आशा सोडावी अशी स्थिती होती. १९६० नंतर अमेरिकेत फ्रायरायक, फ्राय आदी डॉक्टरांनी व्हिनक्रिस्टिनसह चार औषधे एकत्र देण्याचा प्रयोग आरंभिला. तीव्र लसिका-रक्तकर्करोगाची मुले आज, संपन्न देशांत, सुमारे दहापैकी नऊ बरी होतात. या यशात अनेक औषधांचा वाटा आहे, पण सदाफुलीच्या क्षाराचे स्थान त्यात पहिल्यापासून अढळ आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथेही मुलांच्या उपचारात हे औषध नित्य वापरले जाते. हॉजकिनच्या व्याधीत व्हिनब्लास्टिनचा उपयोग होतो.

झाड स्वस्त, औषध मात्र दुर्मिळ, हा या कथेतील विरोधाभास आहे. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. म्हणूनच तमिळनाडूसारख्या भागांत सदाफुलीची शेती होते; लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘निर्मल’ आणि ‘धवल’ असे वाणही काढले. मुळांतील आजमॅलिसीन हा क्षार रक्ताभिसरणाच्या विकारांवर उपयोगी पडतो. अलीकडे, २०२२ मध्ये, व्हिनब्लास्टिनचे घटक किण्वपेशींकडून तयार करून घेण्यात शास्त्रज्ञांस यश आले.

मग मादागास्करला काय मिळाले? काही नाही, असे उत्तर द्यावे लागते आणि ते मनास टोचते. कंपनीस लाभ झाला, बेट गरीबच राहिले. तथापि न्यायबुद्धीने पाहता प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. झाड मादागास्करचे, काढ्याचे ज्ञान जमैका आणि फिलिपाईन्सचे आणि कर्करोगावरील गुण मात्र कोणाच्याच परंपरेतून न येता प्रयोगशाळेत कळलेला. मादागास्करचे वैद्य सदाफुलीने कर्करोग बरा करीत, ही आज फिरत असलेली कथा आम्हांस आधारहीन वाटते. हक्क मागावयाचा तर खऱ्या पुराव्यावर मागावा. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करविले. १९९२ चा जैवविविधता करार आणि आपला २००२ चा कायदा यांमुळे यापुढे असे वाटप तरी लेखी स्वरूपात मागता येते.

शेवटी ज्ञातिभगिनींस आणि मधुमेही बांधवांस एक विनंती. सकाळी फिरावयास गेल्यावर सदाफुलीची चार पाने वा फुले चावून खाण्याचा प्रघात आम्ही अनेकांत पाहतो. जे क्षार डॉक्टर मोजून, रक्त तपासून, फक्त शिरेतून देतात, त्यांचेच अंश त्या पानांत आहेत. कोणत्या पानात किती, हे चाखून कळत नाही. साखर उतरविणाऱ्या गोळ्यांबरोबर तो काढा घेतल्यास काय होईल याचा भरवसा नाही. गर्भवती स्त्रीने तर त्यापासून दूरच राहावे. आधी कोणी घेत असल्यास तसे आपल्या डॉक्टरांस न लपविता सांगावे आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत. फुले देवास वाहण्यास काही प्रत्यवाय नाही.