ओपनस्ट्रीटमॅप

सामान्य नागरिकांनी स्वयंसेवी वृत्तीने पुरविलेल्या स्थानिक माहितीच्या आधारे तयार होणारा, आंतरजालावरील जगाचा मुक्त नकाशा. इंग्लंडमध्ये २००४ साली त्याचा प्रारंभ झाला. रस्ते, पायवाटा, ओढे, इमारती, शाळा, दवाखाने, पाणवठे, बसथांबे इत्यादींची नोंद कोणाही सदस्यास त्यात करता येते, तसेच दुसऱ्याने केलेली नोंद दुरुस्तही करता येते. काटेकोर अर्थाने हा एकच एक नकाशा नसून भूविषयक माहितीचा सामाईक साठा होय. त्यातून गरजेप्रमाणे सायकलस्वारांचा, जलमार्गांचा वा मदतकार्याचा असे निरनिराळे नकाशे काढता येतात. नकाशावर काय दाखवावे आणि कशास कोणते नाव द्यावे, हा अधिकार दीर्घकाळ राज्यसंस्थेकडे व मोठ्या व्यापारी संस्थांकडे होता. तो अधिकार, अंशतः का होईना, त्या त्या ठिकाणच्या रहिवाशांकडे आणणारा उपक्रम म्हणून मानचित्रणाच्या इतिहासात ओपनस्ट्रीटमॅपला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : आधुनिक काळातील तपशीलवार नकाशे मुख्यतः लष्करी हालचाली आणि महसूल यांच्या गरजेतून निर्माण झाले. ब्रिटनमधील ऑर्डनन्स सर्व्हे (स्थापना १७९१) ही संस्था मुळात लष्करी होती. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ मध्ये झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून दक्षिणेतील त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. या सर्वेक्षणांची अचूकता वाखाणण्याजोगी होती; तथापि वाटाड्ये, खलाशी व गावकरी यांच्याकडून मिळालेली माहिती नकाशात आली, तरी माहिती देणाऱ्यांचा त्या नकाशावर कोणताही हक्क राहिला नाही.

सामान्य माणसे पद्धतशीर सर्वेक्षण करू शकतात, याचे एक मोठे उदाहरण एल्. डडली स्टँप या भूगोलज्ञाने १९३० पासून ब्रिटनमध्ये चालविलेल्या भूमिउपयोजन पाहणीत आढळते. शाळकरी मुले व त्यांचे शिक्षक यांनी गावोगावी हिंडून कोणते शेत नांगरटीखाली आहे, कोठे कुरण वा वनभूमी आहे, याच्या नोंदी मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नधान्याचे उत्पादन वाढविण्याच्या योजनांना ही माहिती उपयुक्त ठरली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टींनी परिस्थिती पालटली. अमेरिकेच्या जीपीएस या उपग्रहप्रणालीतून नागरी वापरासाठी मिळणाऱ्या संकेतांत जाणूनबुजून ठेवलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे हातात मावेल अशा स्वस्त उपकरणानेही काही मीटरांच्या अचूकतेने स्थाननिश्चिती करता येऊ लागली. दुसरीकडे, २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियाने अनोळखी लोक एकत्रितपणे एखादा ज्ञानसंग्रह उभारू शकतात, हे दाखवून दिले.

उदय व विकास : लंडनमध्ये शिकत असलेल्या स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्याने ऑगस्ट २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅपची स्थापना केली. करदात्यांच्या पैशांतून झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर सरकारचा कॉपीराइट होता व त्यांच्या वापरासाठी शुल्क द्यावे लागे. हे नकाशे समोर ठेवून त्यांवरून रेषा गिरविणे हाही कायद्याचा भंग ठरला असता. म्हणून स्वयंसेवकांनी जीपीएस उपकरण जवळ बाळगून प्रत्यक्ष पायी वा सायकलवरून फिरावे, आपला मार्ग नोंदवावा आणि रस्त्यांची नावे पाट्यांवरून टिपून घ्यावी, असा मार्ग अवलंबिण्यात आला. कोणत्याही प्रचलित नकाशातून नक्कल करावयाची नाही, हा दंडक तेव्हापासून कायम आहे.

मे २००६ मध्ये सु. ४० स्वयंसेवक इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर एकत्र आले व त्यांनी शनिवार-रविवारच्या सुट्टीत बेटावरील रस्त्यांचे सर्वेक्षण केले. अशा सामूहिक मेळाव्यांची प्रथा पुढे अनेक देशांत रूढ झाली. त्याच वर्षी उपक्रमाला कायदेशीर आधार देण्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली, तर २००७ मध्ये मँचेस्टर येथे पहिली वार्षिक परिषद भरली. डिसेंबर २००६ मध्ये याहू या कंपनीने आणि २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली हवाई व उपग्रहीय छायाचित्रे आधारासाठी वापरण्यास अनुमती दिली. त्यामुळे घरबसल्या दूरदेशीचे रस्ते व इमारती रेखाटणे शक्य झाले.

काही ठिकाणी तयार माहितीचे गठ्ठेही नकाशात घालण्यात आले. २००७ मध्ये एका डच कंपनीने नेदर्लंड्समधील रस्त्यांची संपूर्ण माहिती आणि भारत व चीन येथील प्रमुख रस्त्यांची माहिती देणगीदाखल दिली. अमेरिकेत तेथील जनगणना विभागाची रस्तेविषयक माहिती २००७-०८ मध्ये समाविष्ट करण्यात आली. परंतु तीत असंख्य चुका होत्या व त्या निस्तरण्याचे काम पुढे अनेक वर्षे पुरले. आयत्या माहितीपेक्षा स्थानिक माणसाची पाहणी अधिक भरवशाची, हा धडा या अनुभवातून मिळाला.

रचना व कार्यपद्धती : या साठ्यातील माहिती तीन घटकांत मांडली जाते. विहीर, झाड वा बसथांबा यांसारखी वस्तू अक्षांश-रेखांशांनी निश्चित केलेल्या बिंदूने दर्शवितात. अनेक बिंदू जोडून रस्ता, नदी किंवा इमारतीची कड दाखविणारी रेषा बनते. बसमार्ग, प्रशासकीय सीमा यांसारख्या गोष्टी बिंदू व रेषा यांच्या परस्परसंबंधांतून व्यक्त केल्या जातात. प्रत्येक घटकाला ‘टॅग’ म्हणजे गुणधर्म व त्याचे मूल्य सांगणाऱ्या जोड्या लावतात, उदा., रस्ता कोणत्या प्रकारचा, त्याचा पृष्ठभाग कच्चा की डांबरी, हातपंपाचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही. कोणते टॅग वापरावेत हे स्वयंसेवकांच्या चर्चेतून ठरते. प्रत्येक फेरफाराची नोंद कर्त्याच्या सदस्यनामासह जतन होत असल्याने चुकीचा वा खोडसाळ बदल पूर्ववत करता येतो.

उपग्रहीय छायाचित्रावरून छप्पर दिसते, पण त्याखाली शाळा आहे की गोठा हे कळत नाही. वाट दिसते, पण पावसाळ्यात ती चालू राहते की नाही हे समजत नाही. यासाठी प्रत्यक्ष पाहणी अपरिहार्य ठरते. नकाशाचा कागदी छाप बरोबर नेऊन त्यावर पेनाने नोंदी करण्याची आणि नंतर त्या संगणकावर उतरविण्याची पद्धत २००९ पासून प्रचारात आली. उपकरणे वा वीज नसलेल्या ठिकाणी ती विशेष सोयीची ठरली.

वंचित वस्त्या व आपत्तिकालीन उपयोग : केन्याची राजधानी नैरोबी येथील किबेरा ही आफ्रिकेतील मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. दाट लोकवस्ती असूनही प्रचलित नकाशांत ती जागा जवळजवळ कोरीच होती. २००९ मध्ये तेथील तरुण-तरुणींना जीपीएसचा वापर शिकविण्यात आला व त्यांनी आपल्याच वस्तीतील गल्ल्या, पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने आणि शाळा यांच्या नोंदी केल्या. ज्या वस्तीचे अस्तित्वच नकाशाला मान्य नाही, तिच्यासाठी नळ किंवा दिवाबत्ती मागणे अवघड असते. त्यामुळे या कामाला नागरी हक्काचे परिमाण लाभले.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती या देशात विनाशकारी भूकंप झाला. पोर्तो प्रँस या राजधानीचा पुरेसा तपशीलवार नकाशा त्या वेळी उपलब्ध नव्हता. उपग्रहीय छायाचित्रे खुली होताच जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी काही दिवसांतच शहरातील रस्ते, कोसळलेल्या इमारती व निर्वासितांचे तळ रेखाटले. बचावपथकांनी हा नकाशा आपल्या जीपीएस उपकरणांत उतरवून घेतला. याच अनुभवातून मानवतावादी कार्यासाठी वाहिलेली ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही संस्था २०१० मध्ये रीतसर स्थापन झाली. २०१४ मध्ये तिने रेडक्रॉसच्या अमेरिकी व ब्रिटिश शाखा आणि ‘सीमाविरहित वैद्यक’ ही वैद्यकीय संघटना यांच्यासह ‘मिसिंग मॅप्स’ हा प्रकल्प सुरू केला. संकट कोसळण्यापूर्वीच दुर्लक्षित प्रदेशांचे नकाशे तयार ठेवणे, हा त्याचा हेतू होय. नेपाळमध्ये २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या संस्थेच्या पुढाकाराने हे काम आधीच सुरू झाले होते. त्यामुळे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर जगभरातील हजारो स्वयंसेवकांच्या श्रमांना माहीतगार स्थानिक माणसांची जोड मिळाली.

मालकी व परवाना : प्रारंभी ही माहिती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली होती. तो परवाना माहितीसाठ्यास पुरेसा लागू पडत नसल्याने सप्टेंबर २०१२ मध्ये नवा परवाना स्वीकारण्यात आला. त्यानुसार कोणासही, व्यापारी हेतूनेसुद्धा, माहिती विनामूल्य वापरता येते; मात्र स्रोताचा उल्लेख करावा लागतो आणि या साठ्यात भर घालून तो प्रसृत केल्यास सुधारित साठाही तितकाच खुला ठेवावा लागतो. हा बदल मान्य नसलेल्यांच्या, तसेच ज्यांची संमती मिळू शकली नाही अशांच्या नोंदी त्या वेळी वगळाव्या लागल्या. गूगलने २००८ मध्ये सुरू केलेल्या व २०१७ मध्ये बंद केलेल्या ‘मॅप मेकर’ या सेवेतही नागरिकच माहिती भरीत. परंतु संकलित माहितीवर नियंत्रण कंपनीचे राही. दोन्ही उपक्रमांत श्रम लोकांचेच होते. फरक मालकीचा होता. ऑर्डनन्स सर्व्हेनेही एप्रिल २०१० पासून आपल्या माहितीचा काही भाग विनामूल्य खुला केला.

गुणवत्ता व मर्यादा : मायकेल गुडचाइल्ड या भूगोलज्ञाने २००७ मध्ये अशा माहितीस ‘स्वयंसेवी भौगोलिक माहिती’ ही संज्ञा देऊन तिचा शास्त्रीय विचार सुरू केला. लंडन येथील संशोधक मुकी हॅकले यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओपनस्ट्रीटमॅपमधील नोंदी ऑर्डनन्स सर्व्हेच्या तुलनेत सरासरी सु. ६ मी. अंतराच्या आत आढळल्या. मात्र सुखवस्तू भागांच्या मानाने गरीब भागांची नोंद अपुरी असल्याचेही त्यांतून दिसून आले. नकाशातील रिकाम्या जागा या भूमीवरील रिकाम्या जागा नसून स्वयंसेवकांच्या अभावाच्या खुणा असतात, हे यावरून स्पष्ट होते.

नोंद करणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे आहे. २०११ च्या सुमारास पाळणाघरांसाठी स्वतंत्र टॅग असावा, ही सूचना सदस्यांच्या मतदानात फेटाळली गेली. याउलट मद्यगृहे व रात्रीची करमणूकस्थळे यांच्यासाठी अनेक टॅग होते. पाळणाघराचा टॅग पुढे रूढ झाला. तथापि कोणती स्थळे नोंदण्याजोगी वाटतात हे नोंद करणाऱ्याच्या आयुष्यक्रमावर अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. खोडसाळपणाचाही उपद्रव होतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नावाऐवजी एक ज्यूद्वेषी शब्द घालण्यात आला होता. मूळ साठ्यात तो लवकरच काढून टाकला गेला. परंतु ही माहिती वापरणाऱ्या दुसऱ्या एका सेवेमार्फत तो अनेकांच्या नकाशांवर झळकला.

विवाद्य सीमांच्या बाबतीत प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे ते पाहून सीमा दाखवावी, असा संकेत आहे. तो अनेक देशांच्या अधिकृत भूमिकेशी जुळत नाही. सदस्यसंख्या एक कोटीहून अधिक असली, तरी नियमित काम करणारे थोडेच असतात. मेटा, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन इ. कंपन्यांचे पगारी कर्मचारीही आता मोठ्या प्रमाणावर नोंदी करतात. छायाचित्रांवरून रस्ते व इमारती ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतींचा उपयोगही वाढला आहे. त्यामुळे उपक्रमाचे स्वयंसेवी स्वरूप कितपत टिकेल, हा प्रश्न चर्चेत आहे.

भारत व महाराष्ट्र : सुरक्षेच्या कारणास्तव भारतात तपशीलवार नकाशांच्या वापरावर दीर्घकाळ निर्बंध होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणविषयक व नागरी अशा दोन स्वतंत्र नकाशामाला केल्या. २०१३ मध्ये गूगलने भारतात घेतलेल्या नकाशास्पर्धेविरुद्ध सर्व्हे ऑफ इंडियाने तक्रार केली, तेव्हा नागरिकांनी संवेदनशील स्थळे नोंदविण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी पूर्वपरवानगीची अट बऱ्याच अंशी दूर केली. मात्र देशाची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखविण्याचे बंधन कायम आहे. देशातील स्वयंसेवकांचा समुदाय वाढत जाऊन २०१८ मध्ये या चळवळीची आशियाई परिषद बंगळूरू येथे भरली.

एकाच स्थळाची अनेक भाषांतील, तसेच जुनी व पर्यायी नावे जतन करण्याची सोय हे भारतीयांच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. मराठी नावासाठी वेगळा टॅग असून त्यात ‘शीव’ आणि ‘सायन’ यांसारखी रूपे शेजारी नांदू शकतात. औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही पूर्वीचे नाव जुन्या नावाच्या रकान्यात राहू शकते. वाडी, पाडा, तांडा, पाणंद, ओढ्यावरील फरशी अशा महाराष्ट्रातील ग्रामीण जीवनाच्या खुणा दुरून टिपलेल्या छायाचित्रावरून नावानिशी कळणाऱ्या नव्हेत. नाव हे केवळ ओळखीचे साधनही नसते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला; जुन्या नकाशांतून व दप्तरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले नाव तेथील रहिवाशांना अवमानकारक वाटू शकते, याची ती दखल होती. अशा वस्तीला नकाशावर कोणत्या नावाने दाखवावे, हे जाणण्याचा पहिला अधिकार तेथे राहणाऱ्यांचा ठरतो. परंतु तो बजावण्यासाठी त्यांच्या हाती साधने, भाषेची सोय व प्रशिक्षण असावे लागते. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण व आदिवासी भागांत, मराठी नावांच्या व लहान वस्त्यांच्या नोंदी अद्याप विरळ आहेत. शाळा, महाविद्यालये व ग्रामपंचायती यांनी हे काम हाती घेतल्यास ही उणीव भरून निघू शकेल.