एका बटणावर चालणारी बोट

हा भाग तुम्ही आधीच ऐकला असेल तर मागे पंपाची धडधड ऐकू आली असेल, त्याबद्दल सॉरी. रेकॉर्डिंग शेततळ्याच्या काठावर केलं होतं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती, माझे 'म्हणजे'-'म्हणजे' काढून टाकून.

माझे काका आयुष्यभर वर्कशॉपमध्ये टर्नर होते. ते रिटायर झाल्यावर ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, कॅनडातून एक भलामोठा खोका पाठवला. आत रेव्हेलचं १:७२ स्केलचं किट होतं: 'स्नोबेरी' नावाची युद्धनौका. काकांनी वर्षभर खपून ती जोडली, रंगवली, रेलिंगचे दोरे ओढले. तेव्हापासून ती टीव्हीच्या वरच्या फळीवर. नंतर काकांना कंपवात झाला आणि पुढचं किट खोक्यातच राहिलं. गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा फळीकडे बघत ते म्हणाले, "अरे, ही नुसती बघायची किती दिवस? पाण्यात जाईल का?"

मी म्हटलं, "जाईल की काका, त्यात काय! मोटर बसवायची, रिमोट लावायचा." बीटेक झालेल्या माणसाचा आत्मविश्वास. काम दोन वीकेंडचं वाटलं होतं, गेले पाच महिने. आणि मध्ये मी सव्वाशे वर्षं मागे जाऊन आलो. आजचा भाग त्या सव्वाशे वर्षांचा.

आधी जहाजाबद्दल. 'स्नोबेरी' ही फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजं बुडवत होत्या, आणि ब्रिटनला सोबतीला धाडायला लहान, स्वस्त, पटकन बांधून होणारी जहाजं हवी होती. म्हणून देवमासे पकडणाऱ्या बोटीचा आराखडा घेतला, त्यात फेरफार केले आणि अशी अडीचशेहून जास्त जहाजं बांधली, त्यातल्या बऱ्याच जहाजांना फुलांची नावं दिली. जुन्या पद्धतीचं वाफेचं इंजिन, एकच पंखा, एकच सुकाणू. लाटांवर ती इतकी डोलायची की ओल्या गवतावरसुद्धा डोलेल, असा खलाशांचा विनोद होता. आज त्यातलं एकच उरलंय, 'सॅकव्हिल', तेही कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात.

आपल्याकडचा धागाही आहे. युद्धाच्या अखेरीला आणि लगेच नंतर या वर्गातली चार जहाजं रॉयल इंडियन नेव्हीकडे आली: 'आसाम', 'सिंध', 'गोंडवाना' आणि 'महरट्टा'. महरट्टा म्हणजे मराठाच, इंग्रजांच्या स्पेलिंगमधला. मी म्हटलं, काका, आपण हिचं नाव बदलून मराठा करू या. ते म्हणाले, "ती सुधारित आवृत्ती होती. ही नाही." टर्नर माणूस, मायक्रोमीटरशी खोटं बोलत नाही. विषय संपला.

आता एकच पंखा आणि एकच सुकाणू ही रिमोट बसवणाऱ्यासाठी लॉटरी आहे. एक मोटर, एक सर्व्हो, काम झालं. पण किट मुळात फळीवर ठेवायला केलेलं असतं. त्याचं प्लास्टिक पातळ, सांधे दिसायला चांगले पण पाणी अडवायला नाही. आणि वजन? इथे मी पहिल्यांदा तोंडावर आपटलो. खरं जहाज साधारण ९४० टनांचं. लांबी ७२ पटीने कमी केली की वजन ७२ च्या घनाने, म्हणजे ३,७३,२४८ पटीने कमी होतं. भागाकार करा: अडीच किलो. काकांचं मॉडेल किचनमधल्या काट्यावर एक किलोच्या आत भरलं. तसंच सोडलं तर ते पाण्यावर रिकाम्या बाटलीसारखं उंच तरंगणार आणि पहिल्याच झुळकीला आडवं होणार. उरलेलं वजन आपण घालायचं, तेही तळाशी. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं आणली. त्याने विचारलं, "कुठली गाडी?" मी म्हटलं, "कॉर्व्हेट." त्याला स्पोर्ट्स कार वाटली.

वेगाचंही तसंच. यूट्यूबवर बऱ्याच लोकांच्या मॉडेल युद्धनौका मोटरबोटीसारख्या सुसाट पळतात आणि खेळण्यासारख्या दिसतात. याचं कारण विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कधीच सांगून ठेवलंय. त्याने १८७२ मध्ये टॉर्की गावात लांबच लांब हौद बांधला आणि त्यात मेणाची जहाजं ओढून प्रयोग केले. लाटा खऱ्यासारख्या उठायला हव्या असतील तर वेग स्केलच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. ७२ चं वर्गमूळ साडेआठ. खऱ्या जहाजाचा वेग १६ नॉट, म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. आमच्या बोटीचा साडेतीन. जेवणानंतरची शतपावली! म्हणून मोटर मुद्दाम सावकाश फिरणारी घेतली.

आता रेडिओ. खरी गंमत इथे आहे.

रेडिओने चालवलेली पहिली प्रसिद्ध वस्तू विमान नव्हतं, गाडी नव्हती, ती बोट होती. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात लोखंडी बोट सोडली आणि हात न लावता वळवून दाखवली. आत माकड बसवलंय असं काहींना वाटलं, असं सांगतात. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला पेटंट मिळालं. बोटच का? कारण तेव्हाच्या बॅटऱ्या आणि यंत्रं जडशीळ होती, आणि बोटीला वजन लागतंच. शिवाय सिग्नल गेला तर विमान पडतं, बोट फक्त तरंगत राहते.

पण त्या बोटीला आदेश कसे मिळायचे ते बघा. आतमध्ये कोहेरर होता, धातूच्या कणांनी भरलेली नळी. रेडिओची लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहते. प्रत्येक वेळी ती नळी उलटीपालटी करून कण मोकळे करायचे, तेव्हा कुठे पुढचा सिग्नल कळणार. म्हणजे बोटीला ऐकू येणारा शब्द एकच: 'आला'. डावीकडे, उजवीकडे, थांब, असं काही नाही. मग टेस्लाने प्रत्येक 'आला'ला एक चकती एक पाऊल पुढे सरकवली. एका पावलावर सुकाणू एका बाजूला, पुढच्यावर थांब, त्यापुढे दुसऱ्या बाजूला. आपल्या भाषेत स्टेट मशीन. वाचताना मी खुर्चीतून उठलो होतो, कारण आदल्याच दिवशी ऑफिसात मी हेच लिहून आलो होतो. फरक एवढाच की टेस्लाच्या बोटीत आत्ता कुठली स्टेट आहे हे काठावरच्या माणसाने डोक्यात ठेवायचं.

या पेटंटने टेस्लाला श्रीमंत केलं नाही. नौदलांना ते जादूचे प्रयोग वाटले. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या 'टेलेकिनो'मध्ये जितके ठोके तितक्या क्रमांकाची कृती, म्हणजे मधली स्थिती लक्षात ठेवायची गरज कमी. १९०६ मध्ये बिल्बाओच्या बंदरात, खुद्द राजासमोर, त्याने काठावरून माणसं बसलेली बोट चालवली. त्यालाही पुढे पैसा मिळाला नाही.

हौशी लोकांकडे हे आलं तेव्हा मात्र गाडी पुन्हा टेस्लापाशी गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरची कितीतरी वर्षं स्वस्तातला रेडिओ म्हणजे एक बटण. बोटीत पिळलेल्या रबरबँडवर चालणारं एस्केपमेंट, घड्याळात असतं तसं. एकदा दाबा, उजवीकडे. सोडा, सरळ. पुन्हा दाबा, डावीकडे. कुठे होतो ते विसरलात की बोट भलतीकडे. मग १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि प्रपोर्शनल कंट्रोल आला. दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स. ती दीड मिलिसेकंदाची असेल तर सुकाणू मध्ये, एकची असेल तर एका टोकाला, दोनची असेल तर दुसऱ्या. दांडी जेवढी हलवाल तेवढंच सुकाणू हलतं, काही लक्षात ठेवायला नको. आजही तुमच्या रोबोटिक्सच्या किटमधला सर्व्हो हीच भाषा बोलतो. पुढे २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि एकाच क्रिस्टलवर दोघांनी सेट चालू केल्यावर होणारी तळ्याकाठची भांडणंही संपली.

सगळी पुस्तकं हे असंच सांगतात: आधी बिचारं एक बटण, मग प्रगती. मीही तसंच धरून चाललो होतो.

डेक कापायची वेळ आली. चिकटवलेलं किट, आत हात जायला वाट नाही. काकांनी पेन्सिल मागितली, पण रेघ सरळ येईना. मग त्यांनी बोटाने दाखवलं आणि मी आखलं. चिमणीच्या पुढे, केबिनच्या भिंतीच्या आडून, म्हणजे काप दिसणार नाही. ब्लेड लावताना माझाच हात त्यांच्यापेक्षा जास्त थरथरत होता. पंख्याच्या दांड्यासाठी ब्रासची ट्यूब बसवली, ग्रीस भरलं, आतले सांधे फायबरग्लासच्या पट्टीने आणि इपॉक्सीने पक्के केले. रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, कारण २.४ गिगाहर्ट्झ पाण्यातून जवळजवळ जात नाही.

मावसभावाचं नारायणगावजवळ शेततळं आहे. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. अशा तळ्यात चुकून पाय घातलात तर घसरगुंडीमुळे बाहेर येणं अवघड, म्हणून ठरलं होतं की बोट मध्ये बंद पडली तरी कोणी उतरायचं नाही, दोर टाकून ओढायची. पहिली चक्कर मी मारली. छान. मग रिमोट काकांच्या हातात दिला.

दांडीने हातातला कंप जसाच्या तसा सुकाणूपर्यंत पोचवला. बोट सापासारखी वळवळायला लागली. एकदा दांडी पूर्ण वळली आणि बोट गोल गोल फिरत राहिली. काकांनी रिमोट मला परत दिला आणि म्हणाले, "चांगली चालते. तूच चालव." परतीच्या गाडीत ते आळेफाट्यापर्यंत काही बोलले नाहीत.

रिमोटच्या सेटिंगमध्ये दांडीची धार बोथट करता येते, ते करून पाहिलं. कंप थोडा कमी झाला, पण वळवायचं म्हटलं की हात जोरात हलवायला लागायचा आणि पुन्हा तेच. मग एका रात्री टेस्लाच्या पेटंटमधली ती चकती डोळ्यांसमोर आली. थरथरत्या हाताला दांडी धरून ठेवता येत नाही, पण बटण दाबता येतं!

रिसीव्हर आणि सर्व्होच्या मध्ये एक आर्डुइनो नॅनो घातला. रिमोटवरच्या स्प्रिंगच्या स्विचला जोडलं. दाबलं की डावं, पुन्हा दाबलं की सरळ, मग उजवं, मग सरळ. चाळीसेक ओळींचा कोड. कंपामुळे एका दाबाचे दोन-तीन व्हायचे, म्हणून एक दाब मोजला की पुढचे ७०० मिलिसेकंद बाकीचे सोडून द्यायचे. ऑफिसात याला डीबाउन्स म्हणतात. हा आकडा मात्र काकांना किचनच्या टेबलावर बसवून, स्टॉपवॉच लावून ठरवला. आणि सुकाणू सरळ असलं की मास्टवर छोटा एलईडी लागतो. टेस्लाच्या बोटीवरही दिवे होतेच. वेग स्थिर ठेवला, शतपावलीचा.

परवा पुन्हा तळ्यावर गेलो. वारा कमी, ऊन उतरलेलं. पहिल्या वळणाला काका मोजणी चुकले आणि बोट काठाकडे निघाली. मी हात पुढे केला, त्यांनी बघितलंही नाही. दोनदा बटण दाबलं, मास्टवरचा दिवा लागला आणि विझला, आणि बोट काठापासून हातभर अंतरावरून वळली. त्यानंतर पंचवीस मिनिटं, बॅटरी उतरेपर्यंत, ते मोठ्याने म्हणत होते, "डावं... सरळ... उजवं... सरळ." रेकॉर्डिंगमध्ये पंपाच्या मागे जो आवाज येतोय तो तोच.