नावात भारत, वाण अफगाणी: गांजा दिव्याखाली कसा गेला

गांजाच्या बातम्यांत 'इंडिका' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. नाव भारताचं, पण आज त्या नावाने ओळखला जातो तो बुटका, झुडपासारखा अफगाणी वाण! हा घोळ कसा झाला, तेच आज बघू.

१७८५मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या रोपांवरून 'कॅनाबिस इंडिका' हे नाव ठेवलं. आपल्याकडे हे उघड्या शेतातलं पीक. १८९३ साली इंग्रज सरकारने गांजाच्या चौकशीसाठी कमिशन नेमलं, त्याने हजारावर साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यात हे पीक मुख्यतः पुण्याशेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात व्हायचं. शेतकरी नर झाडं हेरून उपटायचे, म्हणजे मादीच्या फुलांत बी धरत नसे.

आता गंमत बघा. हे झाड कधी फुलणार, हे रात्रीची लांबी ठरवते. १९१२च्या सुमारास तूर्न्वा नावाच्या फ्रेंच संशोधकाने याच झाडाला दिवसाला फक्त सहा तास उजेड दिला, आणि ते लवकर फुललं. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सगळ्यात छोटा अकराचा. फरक फार नाही, थंडीही बेताची. त्यामुळे इकडची झाडं उंच वाढतात, निवांत फुलतात. अफगाण डोंगरात मात्र हिवाळा लवकर गाठतो. तिथलं झाड बुटकं आणि घाईचं.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाणी, मेक्सिकन आणि कोलंबियन वाणांच्या संकरातून 'स्कंक' तयार झाला. पुढे पोलिसांच्या भीतीने लागवड खोलीत, दिव्याखाली गेली. ऊन फुकट, वीज नाही! १००० वॉटचा दिवा रोज १२ तास लावला तर १२ युनिट. ६० दिवसांत ७२०, १०० दिवसांत १२००. शिवाय उंच झाडाच्या खालच्या फांद्या अंधारातच. म्हणून लोक बुटकी, लवकर फुलणारी रोपं निवडत गेले, आणि 'इंडिका' हे नाव त्यांनाच चिकटलं.

इथे १९८५चा कायदा आहे. घरात दिव्याखाली बेकायदा रोप लावलं तरी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा प्रयोग नको, प्रश्न मात्र जरूर विचारा. कुणी 'सुधारित वाण' म्हटलं, की विचारायचं: कुणाच्या सोयीसाठी सुधारलाय? नगरच्या उन्हात वाढणाऱ्या झाडात खोट काहीच नव्हती. त्याला फक्त दिव्याचं बिल परवडणारं नव्हतं.